दम आणि ताकद : नवशिक्यासाठी व्यायामाचा एक पाठ

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की अमरावती-अकोल्याच्या मैदानांवर पहाटे पाचलाच गर्दी होऊ लागते. आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले-मुलीही त्यांत असतात. काही वर्षांपूर्वी असाच एक माजी विद्यार्थी सल्ला विचारायला माझ्याकडे आला होता. चाचणीला जेमतेम सात आठवडे उरले होते. व्यायामशास्त्राचा कसलाही अभ्यास नसताना मी अधिकारवाणीने सांगून मोकळा झालो, "रोज पाच किलोमीटर धाव, बाकीचे आपोआप होईल." पाचव्या आठवड्यात त्याची नडगी इतकी दुखू लागली की जिना उतरणे कठीण झाले. ती भरती हुकली आणि पुढची निघेपर्यंत त्याचे वय उलटून गेले. आपल्या समाजाला लष्कराच्या गणवेशाचे दार १८९० च्या दशकात बंद झाले होते. पहिल्या महायुद्धातला अल्पकाळ सोडला, तर ते १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हाच नीट उघडले. गणवेशाची अशी हुकलेली संधी घरादाराला किती लागते, हे वेगळे सांगायला नको. इतिहासाच्या शिक्षकाने या विषयात का पडावे, याचे माझ्यापाशी एवढेच उत्तर आहे.

माझा सल्ला मुळातच कसा चुकला होता, ते चाचणीचे गुणच सांगतात. शिपाई पदासाठी पुरुषांना १६०० मीटर धाव, १०० मीटर धाव आणि ७.२६० किलोचा गोळा असतो. महिलांना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. एकूण गुण ५०. त्यांतले लांब धावेचे २०, उरलेल्या दोन प्रकारांचे प्रत्येकी १५. १०० मीटरची झेप आणि गोळ्याची फेक ही पाय, कंबर व खांद्यांच्या ताकदीची कामे आहेत. जो केवळ लांब पल्ला धावतो, तो २० गुणांची तयारी करतो आणि ३० गुण नशिबावर सोडतो.

दम आणि ताकद यांची फारकत आपल्या मातीतली नव्हे. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. त्या परंपरेत मल्लखांब आहे तशी कबड्डीही आहे. कबड्डीकडे नीट पाहावे. चढाई करणारा ३० सेकंद दम टिकवतो आणि पकड बसताच सारे बळ एकवटून मध्यरेषेकडे झेपावतो. पुरुषांच्या सामन्यात हे २० मिनिटांच्या दोन डावांत पुन्हा पुन्हा घडते.

दोन्ही व्यायाम एकत्र केल्याने ताकद घटते, अशी भीती मुलांना घातली जाते. तिचे मूळ रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाच्या १९८० च्या प्रयोगात आहे. त्यात एका गटाने आठवड्यातून पाच दिवस ताकदीचा आणि सहा दिवस दमाचा जोरकस व्यायाम दहा आठवडे केला. ताकद सातव्या आठवड्यापर्यंत वाढली, मग थबकली आणि शेवटी उतरू लागली. पण हा भार नवशिक्याचा नव्हेच! आठवड्यातून चार दिवस बेताने व्यायाम करणाऱ्याचे दोन्ही अंगांनी भलेच होते.

विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविसाची कथा आहे. धनिकाघरी वाढलेला, तळपाय अतिशय नाजूक असलेला हा तरुण भिक्खू झाला आणि त्याने इतके चंक्रमण केले की ती वाट रक्ताने माखली. भगवान बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांचा दृष्टान्त दिला. फार ताणलेली किंवा फार सैल तार सुरात वाजत नाही, हे आपल्याला पाठ असते. त्याचे पाय मात्र आपण विसरतो. बुद्धांनी सोणाला पादत्राण वापरण्याची मुभा दिली. एकट्यासाठी ती घ्यायला तो तयार नव्हता, म्हणून ती साऱ्या संघाला मिळाली. टाच झिजलेल्या बुटांनी डांबरी रस्त्यावर धावणारी मुले पाहिली की मला हा प्रसंग आठवतो. बूट साधे असले तरी चालतील, तळ शाबूत हवा. आणि रस्त्यापेक्षा मातीचे मैदान बरे.

नवशिक्याच्या बाबतीत एक गोष्ट नेहमी फसवते. दम काही आठवड्यांतच साथ देऊ लागतो. हाडे आणि कंडरा यांना भाराची सवय व्हायला महिने लागतात. छाती म्हणते धाव, नडगी म्हणते थांब. म्हणून पहिले आठ आठवडे सोमवार व गुरुवार ताकदीला द्यावेत, मंगळवार व शनिवार दमाला. ताकदीच्या दिवशी बैठका, जोर आणि रेतीची पिशवी कंबर न वाकवता उचलणे, प्रत्येकी आठ-दहाच्या तीन फेऱ्या. जोर जमत नसतील तर आधी भिंतीला हात टेकून, मग ओट्यावर, मग जमिनीवर. दमाच्या दिवशी एक मिनिट हळू धावणे आणि दोन मिनिटे चालणे, अशा आठ फेऱ्या. धावताना एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. तिसऱ्या आठवड्यापासून धावणे थोडेथोडे वाढवावे. दोन्ही एकाच दिवशी करावे लागले तर आधी ताकद, मग धाव. पूर्ण वजनाच्या गोळ्याची घाई नको; तो मुख्यतः पाय आणि कमरेच्या जोरावर जातो, म्हणून आधी बैठका पक्क्या व्हाव्यात. नडगीच्या हाडावर एकाच जागी बोट दाबून दुखत असेल तर धावणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

पालकांनाही यातून सूट नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. रोजचे झपाझप चालणे पहिल्या भागाला पुरते. दुसऱ्यासाठी हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे ही चांगली सुरुवात आहे. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. आणि अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा लहानथोर सगळ्यांनीच सूर्य वर येण्याआधी मैदान सोडावे.