अपुरी झोप : कारणे, परिणाम व उपाय

बेळगावनजीक मार्कंडेय नदीच्या परिसरात कंग्राळी बुद्रुक व कंग्राळी खुर्द ही गावे वसलेली आहेत. अशा शहरालगतच्या गावांत शेती व कारखान्यातील नोकरी पुष्कळदा एकाच घरात नांदतात. मुलगा रात्रपाळीस जातो. वडील रात्रीची वीज आली की पिकास पाणी सोडतात. "झोप काय, दिवसाही घेता येईल," असा समज रूढ आहे. तो आरोग्यास घातक आहे.

कारणे : आपल्या शरीरात दिवस-रात्रीचे एक घड्याळ असते व ते मुख्यतः उजेडावर चालते. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळामुळेच दिवसाची झोप बहुधा थोडी व सावध लागते. त्यात संध्याकाळनंतरचा चहा, तंबाखू वा मिसरी आणि अंथरुणातील मोबाईल यांची भर पडते. चहातील कॅफीन व तंबाखूतील निकोटीन ही दोन्ही उत्तेजक द्रव्ये होत.

परिणाम : सलग १७ तास जागलेल्या माणसाची सावधानता मद्य घेतलेल्या माणसाप्रमाणे मंदावते, असे प्रयोगांत आढळले आहे. यंत्रावर, अंधाऱ्या बांधावर किंवा पहाटे दुचाकीवरून परतताना एक डुलकी प्राणावर बेतू शकते. दीर्घकाळ झोप अपुरी राहिल्यास रक्तदाब, मधुमेह, स्थूलता व हृदयविकार यांचा धोका वाढतो. स्मरणशक्ती उणावते, चिडचिड वाढते.

उपाय : प्रौढांस किमान ७ तास, तर ६ ते १२ वर्षांच्या मुलांस ९ ते १२ तास झोप आवश्यक आहे. रात्री काम केलेल्याने घरी येताच अंधाऱ्या, शांत खोलीत झोपावे. त्या वेळी घरच्यांनी त्यास किरकोळ कामासाठी उठवू नये. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकास २००० च्या नियमांनी सर्वसाधारणपणे मनाई आहे. ग्रामपंचायत व मंडळांनी तिचे पालन करावे. शेतीस शक्य तेथे दिवसा वीज देण्याच्या प्रश्नाकडे अधिकाऱ्यांनी आरोग्याच्या दृष्टीनेही पाहावे. वर्गात पेंगणाऱ्या मुलास आळशी ठरविण्यापूर्वी तो रात्री केव्हा झोपतो, याची शिक्षकांनी चौकशी करावी.

मोठ्याने घोरताना श्वास अडखळत असल्यास, किंवा झोप न येण्याची तक्रार महिनाभर टिकल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.