कापडावरील छपाई : एक हस्तव्यवसाय-पाठ
(इयत्ता पाचवी ते सातवी)

सोयगाव तालुक्यातील मुलास कापूस चांगला परिचित असतो. बोंडे कधी फुटतात, वेचणी कशी चालते, हे त्यास शिकवावे लागत नाही. मात्र गावचा कापूस गावाबाहेर जातो आणि कापड होऊन दुकानात परत येतो. मधला प्रवास त्याच्या दृष्टीआड राहतो. त्या प्रवासातील छपाई हा टप्पा शाळेत स्वतःच्या हातांनी करून पाहता येतो. प्रस्तुत पाठाचा हेतू तोच आहे.

निरीक्षण : मुलांस घरून जुन्या कापडाचे तुकडे आणावयास सांगावे व प्रत्येक तुकडा उलटून पाहावयास लावावा. विणलेली नक्षी धाग्यांचीच बनलेली असते. छापलेली नक्षी बहुधा सुलट बाजूस ठळक व उलट बाजूस फिकी दिसते. आपल्या जिल्ह्याची पैठणी व हिमरू ही वस्त्रे विणकामाची आहेत, छपाईची नव्हेत, हे येथेच स्पष्ट करावे. याच तालुक्यातील अजिंठ्याच्या लेण्यांत सहल गेल्यास भित्तिचित्रांतील वस्त्रांवरचे पट्टे व ठिपके दाखवून, ही नक्षी विणलेली, बांधून रंगविलेली की छापलेली असेल, असे विचारावे. केवळ चित्रावरून निश्चित उत्तर देता येत नाही. परंतु मुले कारणे शोधू लागतात.

माहिती : नक्षी उठविण्याच्या मुख्य रीती तीन.
1. रंग लावणे. कोरीव लाकडी ठसा रंगात बुडवून कापडावर दाबतात. जाळीच्या चौकटीतून रंग उतरविणे ही याचीच सुधारलेली रीत. थॉमस बेल याने 1783 साली कोरलेल्या रुळाने छपाई करण्याचे पेटंट घेतले.
2. रंग अडविणे. बांधणीत कापडास गाठी मारतात, बाटिकमध्ये मेण लावतात. झाकलेला भाग रंगत नाही.
3. रंग उडविणे. रंगविलेल्या कापडावर रंगनाशक द्रव्य छापतात. ही द्रव्ये तीव्र असल्याने शाळेत वापरू नयेत.

भारतीय छपाईचा लौकिक असा होता की, 1700 साली इंग्लंडच्या पार्लमेंटने भारतातून येणाऱ्या छापील सुती कापडाच्या वापरास मनाई केली. हे यश केवळ रंगांचे नव्हते. धुतल्यावरही टिकणारा रंग कसा धरून ठेवावा, हे येथील कारागीर जाणत होते. रंगास कापडाशी जखडणाऱ्या अशा द्रव्यास रंगबंधक म्हणतात.

कृती : मांजरपाटाचा तुकडा सोडा व साबण घालून उकळावा, म्हणजे खळ निघून जाईल. ऊन पाणी शिक्षकांनी स्वतः हाताळावे. हिरड्याची पूड पाण्यात कालवून त्यात कापड भिजवावे व न धुता वाळवावे. गंजलेले खिळे, गूळ व पाणी मडक्यात घालून सुमारे पंधरा दिवस आधी ठेवलेले असावे. ते पाणी गाळून चिंचोक्याच्या खळीत मिसळावे. आडव्या कापलेल्या भेंडीने अथवा बटाट्याच्या ठशाने छापावे. खळ काळी नसूनही ठसा काळा उमटतो. हिरड्यातील तुरट द्रव्य व लोह यांच्या संयोगाचा हा परिणाम होय. जुन्या काळची लेखणीची शाईही याच तत्त्वावर होत असे. हिरडा न लावलेल्या तुकड्यावर मात्र गंजासारखा डाग तेवढा पडतो. दोन्ही तुकडे वाळल्यावर धुऊन शेजारी ठेवावेत.

गणिताची जोड : रुमालाची कड 33 सें.मी., ठसा 3 सें.मी. रुंद, दोन ठशांतील अंतर 2 सें.मी. आणि दोन्ही टोकांस ठसा हवा. किती ठसे बसतील? (उत्तर : 7)

सूचना : प्रदर्शनासाठी शिक्षकांनी छापलेला देखणा रुमाल पाठाचे यश दर्शवीत नाही. मुलाचा ठसा वाकडा पडला तरी चालेल. तो का वाकडा पडला आणि काळा का झाला, हे त्यास सांगता आले पाहिजे. कापूस पिकविणाऱ्याच्या मुलास कापडाची विद्या परकी वाटू नये, एवढे साधले तरी हस्तव्यवसायाचा तास सार्थकी लागला असे समजावे.