पळून जाणे आणि रुक्मिणीहरण

वसई-विरारकडे कीर्तन आटोपले की एक प्रश्न हमखास येतो. "बुवा, आईबापांच्या मनाविरुद्ध पळून जाऊन लग्न करणे योग्य का? देवानेही रुक्मिणीला पळवूनच आणली ना?"

नाथमहाराजांनी शके 1493 मध्ये काशीत 'रुक्मिणीस्वयंवर' पुरे केले. लेकीचे लग्न जमावे म्हणून आपणच तिला त्याच्या पारायणाला बसवतो. पण आत कथा काय आहे?

भागवताच्या दशमस्कंधात पाहा. घरच्यांना कृष्ण पसंत होता. आडवा आला तो भाऊ रुक्मी. बाप भीष्मक पुत्रस्नेहाने नमला आणि शिशुपालाशी लग्न ठरले. मुलीला कोणी विचारलेच नाही. म्हणजे घर सोडायचे कारण नुसती आवड नव्हे, बळजबरी होते.

दुसरे, तिने माणूस पारखला होता. सात श्लोकांचे पत्र लिहून आपले मन, आपली अडचण आणि आपला बेत स्पष्ट कळविला. तिसरे, देवाने तिला रात्री चोरून नेली नाही. भर दिवसा, सगळ्या राजांदेखत नेली आणि द्वारकेत विधिपूर्वक लग्न लावले. चौथे सर्वांत मोठे. रुक्मी लढायला आला, हरला, तेव्हा रुक्मिणीनेच त्याच्या प्राणाची भीक मागितली. पुढे त्याच रुक्मीची मुलगी तिच्या प्रद्युम्नाला दिली गेली. घर सोडले, नाते तोडले नाही.

आता पूर्वपक्ष असा, की आपला पुंडलिक आईबापांची सेवा सोडीना, देवालाही विटेवर उभे केले. मग वारकऱ्याच्या पोराने त्यांचा शब्द मोडावा कसा? उत्तर असे, की सेवा म्हणजे पाय चुरणे, आजारपण काढणे, म्हातारपणी सांभाळणे. जन्माचा जोडीदार दुसऱ्याने लादणे यात सेवा कसली? कायदाही हेच सांगतो. मुलगी 18 व मुलगा 21 वर्षांचा झाला, की संमती त्या दोघांची. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सज्ञान स्त्रीपुरुषांच्या लग्नाला घराण्याची वा जातपंचायतीची परवानगी लागत नाही.

तेव्हा मुलांनो, सिद्धान्त ऐका. आधी घरी बोला, एकदा नव्हे, दहादा बोला. जोडीदार पारखा. जो म्हणेल "घरच्यांशी बोलू नकोस, मैत्रिणींना भेटू नकोस", त्याच्याबरोबर एक पाऊलही टाकू नका. लग्न करायचे तर रीतसर नोंदवा, उजळ माथ्याने करा.

आणि आईबापांनो, तुम्हालाही सांगणे आहे. 2022 साली वसईच्या एका तरुणीची दिल्लीत हत्या झाल्याचे उघडकीस आले. घरच्यांचा विरोध असता ती गेली होती. बोलणे जवळजवळ तुटलेले. ती नाहीशी झाल्याचे बापाला कळायला कित्येक महिने गेले. दोष त्या लेकीचा नव्हे, बापाचाही नव्हे; पाप मारणाऱ्याचे. पण आपण एवढे शिकावे, की रागाच्या भरात "तू आम्हाला मेलीस" हा शब्द तोंडातून काढू नये. लेक चुकली तरी तिला परत यायला दार हवे. नाही चुकली तरी माहेर हवेच.

रुक्मिणीचे माहेर विदर्भातले कौंडण्यपूर, वर्धा नदीच्या काठी. तिथून आजही आषाढीला तिची पालखी पंढरीला येते. मनाविरुद्ध गेलेल्या लेकीला माहेर विसरले नाही. वारकऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!