झाकण मिटले, तरी बॅटरी का उतरते?

प्रश्न : जोतिबाच्या डोंगरावर आमचे गुलाल-खोबऱ्याचे दुकान आहे. हिशेबाच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. रात्री झाकण मिटून ठेवतो. सकाळी लॅपटॉप कोमट आणि बॅटरी रिकामी! बॅटरी बदलावी का?
– एक वाचक, वाडी रत्नागिरी

उत्तर : एवढ्यात नको. कोमटपणावरून दोष प्रोसेसरच्या झोपेत दिसतो. अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये झाकण मिटल्यावर प्रोसेसरची वीज तुटत नाही. सगळे कोअर सर्वांत खोल ‘सी-स्टेट’मध्ये, म्हणजे झोपेच्या पायरीवर, उतरले तरच बचत होते; एकही वर अडकला, की अख्खी चिप अर्धवट जागी राहते.

आधी बूटच्या सूचना पाहा. तिथे ‘मॅक्स सी-स्टेट’ १ वर बांधलेले असेल, तर ती ओळ काढा. इंटेलच्या ‘बे ट्रेल’ प्रोसेसरवर लॅपटॉप गोठायचे, म्हणून लोक ती घालत. इतरत्र ती बहुधा नुसती वीज खाते. मग बायॉस आणि कर्नल अद्ययावत करा. काही थिंकपॅडच्या बायॉसमध्ये झोपेसाठी ‘लिनक्स’ असा पर्याय असतो. तो निवडला की जुनी एस-३ निद्रा मिळते, तीत प्रोसेसर खरोखर बंद होतो.

चैत्र यात्रेच्या गर्दीत हे करत बसू नका. तोवर रात्री लॅपटॉप सरळ बंद करा. आणि तो कोमट असताना पिशवीत मुळीच कोंबू नका.