नव्या मोटारसायकलची पहिली सर्व्हिसिंग

यवतमाळ जिल्ह्यात मोटारसायकल आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दारव्ह्याकडचा दूधवाला, घाटंजीचा भाजीवाला, वणीच्या कोळसा खाणीवर पाळीला जाणारा मजूर, पांढरकवड्याच्या बाजाराला निघालेला शेतकरी, अशा किती तरी जणांचे पोट तिच्यावर चालते. दसरा-पाडव्याचा मुहूर्त पाहून किंवा कापसाचा पैसा हाती आला की गाडी घरी येते. पुष्कळदा हप्त्याने येते. तिला हार घालतात, नारळ फोडतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. गाडीबरोबर एक छोटे पुस्तकही मिळते. ते मात्र प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर निघत नाही. तसेच पत्र्याच्या पेटीत जाते.

आज ते पुस्तक पेटीतून काढा. तुम्हाला आता वाचता येते. पुस्तक इंग्रजीत असले तरी हरकत नाही. त्यातले आकडे ओळखता येतील, बाकीचे शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. काही कंपन्या मराठी पुस्तकही देतात. ते शोरूममध्ये मागून घ्यावे.

पुस्तकात सर्व्हिसिंगची कूपने असतात. पहिल्या कूपनावर बहुधा असे काही लिहिलेले असते: "५०० ते ७५० कि.मी. किंवा ४५ दिवस, यांपैकी जे आधी होईल ते." प्रत्येक कंपनीचे आकडे थोडे वेगळे असतात. आपल्या कूपनावरचे आकडे तेच खरे मानावे. शेजाऱ्याच्या गाडीचे आपल्या गाडीला लावू नयेत.

"जे आधी होईल ते" या चार शब्दांत सगळी गोम आहे. म्हणून हिशेब करून पाहू.

समजा, एक दूधवाला रोज २५ कि.मी. गाडी चालवतो. २० दिवसांत त्याचे ५०० कि.मी. होतील आणि ३० दिवसांत ७५०. त्याने विसाव्या ते तिसाव्या दिवसाच्या आत गाडी न्यायला हवी. तो ४५ दिवसांची वाट पाहत बसला, तर मुदत हुकली. आता दुसरा माणूस घ्या. तो फक्त शेतात जातो-येतो. रोजचे ६ कि.मी. धरा. ४५ दिवसांत त्याचे अवघे २७० कि.मी. होतात. तो म्हणतो, "गाडी तं काहीच चालली नाही, अन् मस्त चालून राह्यली. मंग कायले पाहिजे सर्व्हिसिंग?" पण त्याचे दिवस भरले. किलोमीटर कमी असले तरी त्यालाही जायलाच हवे. गाडी १५ जूनला घेतली असेल, तर ४५ दिवस ३० जुलैला भरतात. ही तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवावी. जूनमध्ये पेरणी आणि जुलैमध्ये डवरणी-निंदण यांच्या धांदलीत ती हमखास विसरली जाते.

चांगली चालणारी गाडी मिस्त्रीकडे का न्यायची, हा प्रश्न वाजवी आहे. त्याचे उत्तर आपल्या आयाबायांना ठाऊक होते. जात्याला नवी टाकी लावली की पहिले दळण कोणी खात नसे, कारण त्यात दगडाची कच येई. नव्या इंजिनाचेही तसेच असते. आत पिस्टन सिलिंडरमध्ये वरखाली होतो, गिअरचे दात एकमेकांत फिरतात. सगळे भाग नवे असल्यामुळे ते सुरुवातीला एकमेकांवर घासून जागी बसतात. त्या घासण्यात लोखंडाची बारीक कीस निघते आणि ऑइलमध्ये उतरते. तेच ऑइल इंजिनभर फिरत राहिले, तर कीसही फिरते. म्हणून पहिले ऑइल लवकर काढून टाकतात. वरून ते फारसे वाईट दिसत नाही, पण काढायचेच असते.

याच कारणाने पहिले काही दिवस गाडी दामटू नये. किती वेगाने चालवावी ते पुस्तकात दिलेले असते. तिघे बसून नवी गाडी घाटात चढवू नये, कापसाचे गाठोडे बांधून वरच्या गिअरवर रेटू नये. पळवण्याची हौस असेल त्याने महिनाभर कळ काढावी.

जुन्या माणसांसाठी येथे एक सूचना. राजदूतचे दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची सवय होती. ते इंजिन वेगळ्या जातीचे होते. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि नंतर हळूहळू फोर-स्ट्रोक गाड्यांचेच राज्य झाले. यांचे ऑइल इंजिनाच्या तळाशी वेगळे असते. आजच्या गाडीच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळू नये. किराणा दुकानातले बाटलीतले पेट्रोलही शक्य तोवर टाळावे. त्यात काय मिसळले आहे याचा भरवसा नसतो, आणि पुढे इंजिन बिघडले तर कंपनी त्याच्याकडेच बोट दाखवते.

पहिल्या सर्व्हिसिंगला ऑइल बदलतात. चेन ताणून तिला वंगण देतात. ब्रेक आणि क्लचचा सैलपणा पाहतात, नटबोल्ट आवळतात, टायरची हवा तपासतात. आपल्या भागात काळी माती असते. पावसाळ्यात ती मडगार्डमध्ये गच्च बसते, चेनला चिकटते. म्हणून चेनकडे मिस्त्रीचे खास लक्ष वेधावे. ही सर्व्हिसिंग "फुकट" म्हणतात, पण बहुधा मजुरी तेवढी फुकट असते. ऑइलचे पैसे द्यावे लागतात. त्यात फसवणूक नाही. मात्र ऑइल नवे घातले की नाही, हे समोर उभे राहून पाहावे आणि पावती घ्यावी. उभे राहायला संकोच वाटून घेऊ नका. गाडी तुमची आहे.

गाडी देताना शोरूमवाले एक कागद भरतात. त्याला जॉब कार्ड म्हणतात. गाडीची जी तक्रार असेल ती त्यावर लिहायला सांगा: ब्रेक मारला की आवाज येतो, सकाळी लवकर सुरू होत नाही, खालून तेल टपकते. मग तो कागद वाचा आणि नंतरच सही करा. किती कि.मी. लिहिले आहे तेही मीटरशी ताडून पाहा. या कागदावर अंगठा उठवण्याचे दिवस आता गेले. परत येताना कूपनाच्या जागी शिक्का, तारीख आणि कि.मी. नोंदले आहेत की नाही, ते पाहूनच निघा.

हा शिक्का पुढे वॉरंटीला उपयोगी पडतो. वॉरंटी म्हणजे कंपनीने दिलेला शब्द. बनवण्यातच काही दोष राहिला असेल, तर ठरलेल्या मुदतीत तो भाग कंपनी दुरुस्त करून किंवा बदलून देते. गाडी वाळूजला बनलेली असो की तमिळनाडूत होसूरला, तो शब्द तालुक्याच्या अधिकृत शोरूममध्येही चालतो. मुलगा पुण्याला कामाला गेला आणि गाडी सोबत नेली, तर तिथल्या अधिकृत ठिकाणीही चालतो.

पण हा शब्द सगळ्याला लागू नाही. ब्रेकचे लाइनर, क्लच प्लेट, बल्ब, केबल अशा झिजणाऱ्या वस्तू त्यात बहुधा येत नाहीत. टायर आणि बॅटरी यांची वॉरंटी बहुधा त्या बनवणाऱ्यांची वेगळी असते. त्यांची कार्डे जपून ठेवावीत. गाडी पडून मोडली, तर ते वॉरंटीचे काम नव्हे, विम्याचे. येथेही पुष्कळांचा घोटाळा होतो. २०१८ पासून नव्या दुचाकीला ५ वर्षांचा त्रयस्थ विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले, तर ते भरून देण्यासाठी तो असतो. आपल्या स्वतःच्या गाडीच्या मोडतोडीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो.

सर्व्हिसिंग चुकवली, तर कंपनीला "नाही" म्हणायला जागा मिळते. मोठा हॉर्न आणि झगमगते दिवे बसवण्यासाठी वायर कापली, तरी तेच होते. पोरांची हौस आम्ही समजू शकतो, पण नव्या गाडीची वायर कापणे आम्हाला मुळीच पसंत नाही.

आता समजा, तुमचे सगळे कागद ठीक आहेत. मुदत शिल्लक आहे. तरीही इंजिनातून तेल गळते आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, "बसत नाही वॉरंटीत." भांडू नका आणि परतही येऊ नका. तेच लिहून मागा. तोंडी "नाही" म्हणणे सोपे असते. लेखी "नाही" म्हणताना माणूस विचार करतो. अर्ज असा लिहावा:

"मा. व्यवस्थापक यांस,
मी आपल्याकडून दि. ........ रोजी मोटारसायकल क्र. एमएच २९ ........ विकत घेतली. पहिली सर्व्हिसिंग दि. ........ रोजी ........ कि.मी. झाल्यावर आपल्याकडेच केली. दि. ........ पासून इंजिनातून तेल गळत आहे. दि. ........ रोजी गाडी दाखवली असता वॉरंटीत बसत नाही असे तोंडी सांगण्यात आले. ते कोणत्या कारणाने बसत नाही, हे कृपया लेखी कळवावे. सोबत बिल, कूपन व जॉब कार्ड यांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत.
आपला,
(सही)"

अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात. एकीवर पोच घेऊन ती आपल्याजवळ ठेवावी. पोच देत नसतील, तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. मूळ कागद कोणालाही देऊ नयेत, झेरॉक्सच द्यावी.

तरीही काम झाले नाही, तर पुस्तकात कंपनीचा फोन नंबर असतो, तिथे तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा. सरकारची ग्राहकांसाठी मदतवाहिनी आहे, तिचा नंबर १९१५. त्याच्याही पुढे यवतमाळला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. कंपनीच्या गावी जावे लागत नाही. वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत मात्र जावे लागते. तेथेही पहिल्यांदा विचारतात ते कागदच: बिल कुठे आहे, कूपनावर शिक्का आहे का, जॉब कार्डावर काय लिहिले आहे.

अभ्यास
१. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या गाडीचे पुस्तक घ्या. पहिल्या कूपनावरचे कि.मी. आणि दिवस वहीत लिहा.
२. गाडी २० ऑक्टोबरला घेतली. मुदत ४५ दिवसांची आहे. शेवटची तारीख कोणती?
३. वर दिलेल्या अर्जातल्या रिकाम्या जागा भरून तो स्वच्छ अक्षरात उतरवा.