बुकिंगआधी तिथी बघा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतली कुटुंबं समुद्रावर जायचं ठरवतात तेव्हा आधी रजा बघतात, मग रिसॉर्टचा दर, मग वडखळच्या कोंडीचा अंदाज. भरतीची वेळ सहसा कुणी बघत नाही. ती सगळ्यात आधी बघावी, एवढंच माझं म्हणणं आहे. आपल्या डोक्यात जो समुद्र असतो तो मोबाइलवरच्या फोटोंतला, कॅरिबियन बेटांचा. तिथल्या बहुतेक किनाऱ्यांवर भरती-ओहोटीतला फरक अर्ध्या मीटरच्या आत असतो. सकाळी वाळूत मांडलेली खुर्ची संध्याकाळीही कोरडीच राहते. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात हाच फरक उधाणाला चार मीटरांच्या वर जातो. घराच्या एका मजल्याहून जास्त पाणी सहा तासांत चढतं आणि पुढच्या सहा तासांत उतरतं. अलिबागला ओहोटीत लोक चालत किंवा घोडागाडीने कुलाबा किल्ल्यात जातात आणि वेळ चुकली की तिथेच अडकतात, ते यामुळेच. ओल्या टणक वाळूवर हौसेने उतरवलेल्या एमएच ०४ आणि एमएच ०५च्या गाड्यांचंही तेच. पाणी चाकांपर्यंत पोचलं की खालची वाळू सुटते, आणि जितका ॲक्सिलरेटर दाबावा तितकं चाक खाली जातं.

हे सगळं आधी कळू शकतं, तेही भिंतीवरच्या कॅलेंडरवरून. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची. जे येईल ते तास म्हणजे भरतीची वेळ, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येला साडेअकरा-बाराच्या सुमारास. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. आता आपल्या सुट्ट्या बघा. होळी पौर्णिमेला, दिवाळी अमावास्येभोवती, म्हणजे बहुतेक जण नेमके उधाणाच्या दिवसांत निघतात. भाऊबीज घ्या. द्वितीया, म्हणून भरती दीडच्या आसपास. पहाटे डोंबिवलीतून निघालेली गाडी अकरा-बाराला पोचते, खोली ताब्यात मिळते, सुरमईची थाळी होते, थोडी वामकुक्षी होते आणि चारच्या सुमारास मुलांना घेऊन मंडळी पाण्यात उतरतात. त्याच वेळी ओहोटी निम्म्यावर आलेली असते, आणि पाण्याची ओढ या मधल्या दोन तासांत सर्वांत जास्त असते. जवळ खाडीचं तोंड असेल तर विचारूच नका. तेच कुटुंब अष्टमी ते एकादशीच्या दरम्यान गेलं, तर भांगाची भरती असते. फरक कमी, ओढ कमी, आणि दुपारनंतर पाणी बाहेर खेचण्याऐवजी किनाऱ्याकडे येत असतं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: ऑफिस काही पंचांग बघून रजा देत नाही. खरंय. पण तिथीवरून दिवस बदलता आला नाही तरी तास बदलता येतो. भाऊबीजेला सकाळी साडेदहा ते एक पोरांना घेऊन गुडघाभर पाण्यात खेळा, चारला वाळूत क्रिकेट मांडा. खोली दुपारी मिळते म्हणून समुद्र दुपारीच बघायचा, असं कुठे लिहिलंय? दुसरा आक्षेप पोहता येण्याचा. सोसायटीच्या तलावात पंचवीस मीटर पोहणाऱ्याला समुद्राची ओढ ठाऊक नसते. लाटा फुटत नाहीत, पाणी शांत दिसतं, तीच जागा नवखा माणूस निवडतो, आणि किनाऱ्यावर आलेलं पाणी परत आत जातं ते बहुधा त्याच वाटेने. त्यात सापडलं तर किनाऱ्याकडे झटापट करायची नाही, किनाऱ्याला समांतर सरकत ओढीच्या बाहेर यायचं.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुड-जंजिऱ्याला पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले, आणि त्या दिवशी अष्टमी होती. पुढच्याच वर्षी, १५ एप्रिलला, मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या ८ जणांचा जीव गेला, तेव्हा पौर्णिमा होऊन चार दिवस झाले होते. म्हणजे तिथी काही वाचवत नाही, असं कुणी म्हणेल. तिथीवरून वेळ कळते, जागा कळत नाही, हे मला मान्य आहे. वाळूचा उतार कुठे एकदम तुटतो, खड्डा कुठे आहे, पावसाळ्यानंतर तो कुठे सरकला, हे गावातल्या कोळ्याला विचारल्याशिवाय समजत नाही. मोठ्या घोळक्याने उतरलं की एकाला वाचवायला दुसरा जातो आणि मग मोजदाद राहत नाही, हाही धोका तिथीत दिसत नाही. म्हणून दोन्ही हवं. जीवरक्षक असतोच, या भरवशावर तर राहूच नये. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षकांची शिस्तीची व्यवस्था आहे, कोकणात काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी नुसती लाल पाटी आहे. जून-जुलैत मात्र वाद घालायचं कारणच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे त्यांच्याच होड्या वर ओढलेल्या असताना वर्षासहलीच्या नावाखाली पोरांना लाटांत नेणं मला तरी कळत नाही.

तेव्हा बुकिंगचा फोन कराल तेव्हा एसी आणि नाश्त्याच्या आधी विचारा: त्या दिवशी भरती किती वाजता, समोरच्या किनाऱ्यावर गावची माणसं कुठे उतरतात, आणि खाडी किती लांब. ज्या यजमानाला यातलं काहीच सांगता येत नाही त्याच्याकडे राहायला हरकत नाही, पण पाण्यात उतरायची जागा दुसऱ्या कुणाला तरी विचारा. गणपतीपुळ्याला हे जास्तच लागू आहे. तिथं देऊळ अगदी समुद्राला लागून आहे, त्यामुळे दर्शन झालं की पावलं आपोआप पाण्याकडे वळतात, आणि तिथला उतार फसवा आहे.