घर सांभाळून एकवीस किलोमीटर

चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकला रोइंगमध्ये उतरला. पाण्याची कायम ओरड असलेल्या तालुक्यातला पोरगा वल्ही मारायला शिकला तो सैन्यात गेल्यावर. तिथे सरावाची वेळ ठरलेली आणि जेवण तयार असतं. लेकरांच्या आईबापांना हे दोन्ही घरातूनच उभं करावं लागतं. म्हणून हाफ मॅरेथॉनची तयारी बुटांपासून नव्हे, कॅलेंडरपासून सुरू करा.

आधी शर्यत ठरवा. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते. नोकरदारांना ती सोयीची, कारण दिवाळीच्या सुट्टीत लांब पल्ल्याचे रविवार मिळतात. शेती असेल तर मात्र डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड सुरू असते आणि मजुरांमागे फिरताना सराव हमखास बुडतो. अशा घराने सातारा हिल हाफ मॅरेथॉन धरावी. ती पावसाळ्याच्या उत्तरार्धात असते, म्हणजे कांदा चाळीत गेला की मे महिन्यात सुरुवात करता येते. जूनमध्ये पेरणीचा आठवडा आला तर तो सरळ सोडून द्या. न थांबता पाच किलोमीटर पळता येत असेल, तर सोळा आठवडे पुरतात.

मग जोडीदारासमोर वही घेऊन बसा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि भांडणं इथूनच सुरू होतात. मधल्या वारी दोनदा पाऊण तास आणि रविवारी सुरुवातीला एक तास, शेवटी सव्वादोन तास, एवढी मागणी स्पष्ट मांडा. जितके तास घ्याल तितके त्याच आठवड्यात परत द्या. रविवारी सोळा किलोमीटर पळून आलेला बाप दुपारी घोरत पडला आणि पोरांचा अभ्यास, धुणं-भांडी बाईच्याच अंगावर आली, तर त्याला मी सराव म्हणत नाही. दोघंही पळणारे असाल तर एकाने शनिवार घ्यावा, दुसऱ्याने रविवार. आजी घरात आहे म्हणून तिला गृहीत धरू नका. तिलाही आदल्या दिवशी विचारा.

वेळ उलटी मोजा. शाळेची गाडी सातला येत असेल तर सहाला घरात पाहिजे: आंघोळ, डबा, वेणी. म्हणजे सव्वापाचला बाहेर. बूट, मोजे, टॉर्च रात्रीच दाराशी ठेवा, नाहीतर अंधारात कपाट वाजतं, लेकरू उठतं आणि तुमचं पळणं तिथेच संपतं. नळाला पाणी पहाटे येत असेल तर त्या दिवशी सराव ठेवू नका.

मुंबई-आग्रा महामार्गावर पळू नका. चांदवडजवळच्या राहुड घाटाच्या चढणीचा मोह होतो, पण कंटेनरवाल्याला अंधारात तुम्ही दिसत नाही. मैदान बरं. फेऱ्या कंटाळवाण्या असतात, पण पोरगं सोबत आणता येतं. ते सायकलवर पुढे जाईल, मध्येच खडे गोळा करत बसेल, चौथ्या फेरीला शू लागली म्हणेल. त्या दिवशी घड्याळ बघू नका. नवरात्रात चांदवडच्या रेणुकामातेच्या मंदिराकडे पहाटेपासून गर्दी असते, तेव्हा ती बाजू टाळा.

रविवारचं अंतर सहा किलोमीटरपासून दर आठवड्याला साधारण एकेक वाढवा, दर चौथ्या आठवड्याला कमी करा, सोळा-सतरावर थांबा. शर्यतीआधीचे दोन आठवडे हलके ठेवा.

रात्रभर लेकराचा ताप बघत जागलात तर सकाळी झोपा. बुडालेला सराव दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरू नका. दुखापती त्यातून होतात.

बाळंतपणानंतर घाई नको. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार पहिले बारा आठवडे तरी पळू नये. त्यानंतरही अर्धा तास चालणं, एका जागी मिनिटभर जॉगिंग, एकेका पायावर दहा उड्या हे सगळं दुखल्याशिवाय आणि लघवी न गळता जमलं, तरच सुरुवात करावी. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच. अंगावर पाजत असाल तर पाजून मगच निघा, पळणं सुसह्य होतं. पॉला रॅडक्लिफने जानेवारी २००७ मध्ये मुलीला जन्म दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. ती जागतिक विक्रमवीर होती, तिच्याशी तुलना करू नका.

शर्यत झाल्यावर दोन रविवार घरासाठी राखा. पुढच्या हंगामात सुट्टीची सकाळ कोणाची, हे जोडीदाराने ठरवायचं.